बाभळीवर चढणारी धाव

साल 1935. वैशाखाचं ऊन. पातूरचा घाट चढून वाशीमकडे निघालेल्या रस्त्यावर तुम्ही मेडशीत उतरलाय आणि पाय घोट्यापर्यंत फुफाट्यात गेलेत. डांबर नाही, मोटारींचे हॉर्न नाहीत. वाशीम जिल्हा अस्तित्वात यायला अजून 63 वर्षं आहेत; आत्ता हा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यात आणि अकोला मध्य प्रांत व वऱ्हाडात. दुपारचे चार वाजलेत. गावाच्या कडेला, लिंबाच्या अर्ध्यामुर्ध्या सावलीत लोहाराचं साळ आहे, तिकडे चला.

साळापुढे बंड्यांची चाकं टेकून ठेवलीत. मृग लागायच्या आत ही सगळी दुरुस्त व्हायची आहेत. उन्हाळ्यात लाकूड वाळतं, आकसतं, आरे खिळखिळे होतात आणि चाकावरची लोखंडी धाव सैल पडून रस्त्यात निसटते. घाईच्या वेळी शेतकरी नाल्याच्या पाण्यात बंडी उभी करून लाकूड फुगवतो, पण तो उपाय दोन दिवसांचा. खरं काम लोहाराकडेच. आणि ते मे महिन्यातच केलेलं बरं, कारण लाकूड वाळून सर्वांत लहान झालेलं असताना धाव घट्ट बसवली, की पावसाळ्यात ती आणखी आवळते.

चालून दमलात. समोर जमिनीवर एक धाव आडवी पडली आहे. टेकायला जाता.

"अवो, त्याच्यावर नोका बसू! उनात पडली हाये थे."

उशीर झाला. हात टेकलाच आणि झटक्यात उचलला गेला. तळव्यावर लाल पट्टा. चडफडत तुम्ही शेजारच्या चाकाच्या बाभळीच्या पाट्यावर हात ठेवता. तेही सकाळपासून त्याच उन्हात पडलंय, पण ते नुसतं गरम लागतं. हात ठेवून गप्पा मारता येतील इतपत.

इथे जरा थांबू, कारण पुढचं सगळं या दोन स्पर्शांवर उभं आहे. समजा, लोखंड आणि बाभूळ दोन्ही 60 अंशांवर आहेत. तुमची कातडी 34 च्या आसपास. दोन वस्तू टेकल्या की जिथे त्या भेटतात त्या पातळ सीमेवर एक मधलं तापमान ठरतं, पण ते बरोबर मध्यावर नसतं. ज्या पदार्थाला आतली उष्णता भराभर पृष्ठभागाकडे आणता येते, तो ते तापमान आपल्याकडे ओढतो. लोखंड उष्णतेचं वहन बाभळीच्या तीनशे-चारशे पट चांगलं करतं, शिवाय ते जड आहे, घनाला घन लावलं तर उष्णतेचा साठाही त्याच्यात जास्त. हिशेब केला तर लोखंडाशी तुमच्या तळव्याची सीमा 58 अंशांच्या आसपास ठरते आणि लाकडाशी 41 च्या आसपास. थर्मामीटर दोन्हींवर 60 दाखवील. हाताला मात्र वस्तूचं तापमान कधी कळतच नाही. उष्णता किती वेगानं आत येते किंवा बाहेर जाते, तेवढंच त्याला कळतं. पौषातल्या पहाटे हीच धाव बर्फासारखी लागेल आणि बाभूळ नुसती गार. दोन्ही 10 अंशांवर असतील.

लोहाराला हे आकडे कुणी सांगितलेले नाहीत. पण त्यानं घणाचा, हातोड्याचा, किकऱ्याचा दांडा लाकडाचाच ठेवलाय, आणि सांडशीचे पाय हातभर लांब.

आता मापं. तो एक सुतळी चाकाच्या घेरावर फिरवतो, गाठ मारतो. तीच सुतळी धावेच्या आतल्या कडेनं फिरवतो. धाव आखूड भरते. बोटभर, किंवा थोडी कमीजास्त. किती आखूड ठेवायची हे विचारलंत तर तो हसेल आणि भात्याकडे वळेल. आपण आपला हिशेब करू. सव्वा मीटरपेक्षा थोड्या कमी व्यासाचं चाक, म्हणजे घेर पावणेचार मीटरच्या आसपास. लोखंडाचं तापमान दर अंशानं वाढलं की त्याची लांबी मूळच्या सुमारे एक लाखांश आणि वर थोडी वाढते. 500 अंश चढवले तर या घेरावर सव्वादोन सेंटिमीटर मिळतात. व्यासात फक्त सात मिलिमीटर. धावेचा आखूडपणा वजा जाऊन यातलं जे उरेल, तेवढ्या सवडीत चार माणसांनी तापलेलं कडं चाकावर घालायचं, ठोकायचं आणि विझवायचं. सुतळी जास्त आखूड पडली तर आवळलेली धाव आरेच वाकवते. ढिली पडली तर पुढच्या उन्हाळ्याआधी बंडीवाला पुन्हा दारात.

काम दिवेलागणीपर्यंत सुरू होत नाही. तुम्हाला वाटतं, ऊन उतरायची वाट बघतोय. तेही आहेच. पण खरं कारण डोळ्याचं आहे. तापलेला घन पदार्थ सुमारे 525 अंशांना अंधारात जेमतेम लालसर दिसू लागतो. अमेरिकेत जॉन ड्रेपर यांनी 1847 साली हे नोंदवलं. भर उन्हात मात्र त्याहून तापलेलं लोखंडही काळं ठिक्कर दिसू शकतं. लोहाराकडे थर्मामीटर नाही. त्याच्याकडे संध्याकाळ आहे.

धाव तीन दगडांवर आडवी ठेवतात. खाली-वर गोवऱ्या रचतात, मध्ये पऱ्हाट्या खोचतात. वऱ्हाडात उन्हाळ्यात जळणाला पऱ्हाट्यांचा तोटा नाही. शेतातला कापूस घरी आला की उरतात त्या त्याच. जाळ धडाडून वर जातो, मग बसतो, आणि गोवऱ्यांचा धिमा निखारा कड्याला सगळ्या बाजूंनी सारखा धरतो. भात्याचा जाळ एका जागी जोर करतो. इथे सगळा घेर एकदम फुगायला हवा, म्हणून गोवरी. इतक्यात पोरं गोळा झालीत. बाया गुंडं भरून ओळीनं ठेवतात. चाक जमिनीवर आडवं, त्याचा मधला तुंबा खड्ड्यात बसवलेला, म्हणजे पाटे सपाट टेकतील.

"राहू द्या अजून."

तो एक काडी धावेला घासतो. धूर निघतो. थोड्या वेळानं पुन्हा. या वेळी काडी पेट घेते. मग तो हातानं पाण्याचा शिंतोडा मारतो आणि तुम्ही वाकून बघता: थेंब चर्रर्र करून उडून जात नाहीत. ते गोल होतात, लोखंडावरून पळतात, कडेवरून खाली उड्या मारतात. घरी तवा फार तापला की हेच होतं. लोखंड खूपच गरम असलं की थेंबाच्या तळाची टेकायच्या आतच वाफ होते आणि त्या वाफेच्या थरावर थेंब तरंगतो. वाफ उष्णतेची वाईट वाहक. म्हणून लोखंड जास्त तापलेलं असताना थेंब जास्त वेळ जगतो. जर्मन वैद्य योहान लायडेनफ्रॉस्ट यांनी 1756 साली याच्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्या परिणामाला त्यांचंच नाव आहे. लोहाराच्या लेखी थेंब पळाले म्हणजे धाव तयार.

"मांगं सरका, बाप्पा! पोट्टेहो, व्हा तिकडे!"

चौघे चार बाजूंनी सांडशा लावतात, कडं उचलतात. अंधारात ते मंद तांबडं दिसतंय. चाकावर आणतात, एक बाजू आधी बसते, दुसरी अडते. घण. आणखी एक. धाव खाली सरकते आणि त्याच क्षणी बाभूळ पेटते. चाकाच्या सगळ्या घेराभोवती पिवळ्या ज्वाळा उठतात, बाभळीचा उग्र धूर डोळ्यांत जातो. लाकडाच्या बाजूनं बघितलं तर दुपारचा तुमच्या तळव्याचाच प्रसंग आहे, फक्त आता लाकूड तळव्याच्या जागी. सीमेवरचं तापमान लोखंडानं जवळजवळ पूर्ण आपल्याकडे ओढलंय, आणि लाकूड तीनशे अंशांच्या आसपासच मोडायला, वायू सोडायला लागतं.

मग सगळं चाक कोळसा का होत नाही? दोन कारणं. पहिलं, लाकडात उष्णता फार सावकाश शिरते. एका मिनिटात जेमतेम तीन मिलिमीटर. दुसरं कारण पुस्तकात क्वचितच नीट सांगितलेलं असतं. दोन खडबडीत वस्तू टेकल्या म्हणजे त्या सगळीकडे टेकल्या असं नसतं. उंचवटे उंचवट्यांना लागतात, मधे हवेच्या फटी राहतात, आणि हवेतून उष्णता फार हळू जाते. सैल धाव चाकाला मोजक्याच ठिकाणी स्पर्श करत असते. ती आकसू लागली की दाब वाढतो, उंचवटे चेपतात, फटी बुजतात, स्पर्श वाढतो. म्हणजे धाव जसजशी आपलं काम करते तसतशी ती लाकडाला जास्त जाळू शकते. म्हणून लोहार ज्वाळा दिसल्यावर घाबरत नाही, पण ज्वाळा दिसल्यावर एक क्षणही थांबत नाही.

"पानी! टाका पानी!"

गुंडं रिती होऊ लागतात. पहिलं पाणी नुसतं फुसफुसतं, घसरून जातं; वाफेचा तोच थर अजून मधे आहे. मग कुठेतरी लोखंड पुरेसं निवतं, थर फुटतो, पाणी पहिल्यांदा खऱ्या अर्थानं लोखंडाला शिवतं आणि एकदम फाडफाड आवाज होऊन पांढरी वाफ उसळते. चाकाभोवती हा आवाज फिरत जातो. त्याच्या मागोमाग दुसरा आवाज येतो, लाकडाचा: कट्, कट्. पाट्यांचे सांधे मिटताहेत, आरे तुंब्यात रुतताहेत. सात मिलिमीटर परत घेतले जाताहेत.

किती पाणी लागलं? धाव अंदाजे 18 किलोची धरा, 500 वरून 50 अंशांवर आणायची. प्रत्येक थेंबाची वाफ झाली असती तर दीडपावणेदोन लिटर पाणी पुरलं असतं, कारण एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला 540 कॅलरी लागतात आणि त्या सगळ्या लोखंडाकडूनच वसूल होतात. पण वाफ अजिबात न होता पाणी 30 वरून 50 अंशांपर्यंत नुसतं कोमट होऊन वाहून गेलं असतं, तर जवळपास 50 लिटर लागलं असतं. खरी गोष्ट या दोन टोकांच्या मधे कुठेतरी, ओतणाऱ्या हातावर अवलंबून. म्हणून ती म्हातारी बाई बारीक धारेनं, फिरत फिरत ओततेय आणि भसकन गुंड उपडं करणाऱ्या पोराला लोहार शिव्या घालतोय. मे महिन्यातलं पाणी आहे. विहिरीवरून डोक्यावर आणलेलं.

जाता जाता एक खुलासा. पाणी ओतलं म्हणून धाव कडक होत नाही. कुऱ्हाडीच्या पात्याला पाणी देतात ते पोलाद, आणि तेही पुरतं लाल करून. धावेचं लोखंड मऊच असतं आणि मऊच राहतं. तिला फक्त लहान व्हायचंय.

या गडबडीत एक पोरगा धावेचा छाटलेला तुकडा उचलतो. काळा दिसतोय ना, म्हणजे निवला असेल. किंकाळी. लोहार त्याचं मनगट धरून हात सरळ पाण्याच्या डोणीत खुपसतो.

"काढू नोको! राहू दे पान्यातच."

पोरगा रडतोय, तुकडा कधीच हातातून पडलाय, तरी लोहार हात सोडत नाही.

रात्री कुणीतरी तुम्हाला ओट्यावर घोंगडी टाकून देतं. घरात झोपण्याची सोय नाही, आणि कारण तुम्ही भिंतीला पाठ लावताच कळतं. मातीची जाड भिंत दुपारी गार होती. दुपारचं ऊन तेव्हा भिंतीत चालत होतं. आतल्या बाजूला ते आता पोहोचतंय. म्हणून अख्खं गाव बाजा घेऊन अंगणात. तुमच्या घोंगडीखालचा काळा दगडही अजून ऊबदार आहे. त्याच्यावर तळवा ठेवा आणि आणखी मागे चला. थोड्याथोडक्या वर्षांनी नाही.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षं. मेडशी नाही, झाडं नाहीत, असलीच तर जळताहेत. जिथे ओटा होता तिथे उभं राहणं अशक्य आहे, म्हणून थोडं वर तरंगत बघा. भेगांतून निघालेला लाव्हा पसरत येतोय, 1100 अंशांच्या वर. त्याच्या खाली आधीच्या लाव्ह्याचा थंड झालेला खडक आहे, आणि त्या खडकावर हजारो वर्षांत साठलेली माती. नवा लाव्हा त्या मातीवर टेकतो. धाव आणि बाभूळ, पण मैलोन्‌मैल. माती भाजून निघते. दख्खनच्या घाटांत, विहिरींत, रस्त्यासाठी फोडलेल्या दरडींत काळ्या दगडांच्या दोन थरांमधे विटकरी रंगाचा पट्टा दिसतो, तो या मातीचा. रंग आधीच्या हवामानानंही दिलेला असतो, भाजणीनं तो पक्का होतो.

इथे ओतायला कुणाकडे पाणी नाही. उष्णता दगडातून जाईल तेवढ्याच वेगानं जाणार. खडकात ती एका दिवसात हातभरही आत शिरत नाही. वर्षभरात पाच-सहा मीटर. अंतर दुप्पट करायचं तर वेळ चौपट. 1822 साली जोसेफ फूरिए यांनी पॅरिसात उष्णतेच्या वहनाचं गणित छापलं त्यात हा हिशेब बसतो, आणि जाड लाव्ह्याला निवायला वर्षानुवर्षं का लागतात हेही. मेडशीच्या विहिरीचं पाणी वैशाखात गार आणि पौषात कोमट लागतं त्याचंही हेच कारण: वरचा उन्हाळा तितक्या खोल पोहोचेपर्यंत इतका विरतो की खाली बारा महिने जवळजवळ एकच तापमान.

परत या. 1935, पहाट. साळात कुणी उठलेलं नाही. अंधारात चाचपडत सगळ्याला हात लावा: घण, ऐरण, कालची धाव, बाभळीचं चाक, भात्याचं चामडं, विझलेली राख. ऐरण गार लागते, चामडं नाही. पण रात्रभरात या सगळ्यांनी आपापसांत आणि साळातल्या हवेशी देवाणघेवाण पुरी केली आहे, आणि सगळ्यांचं तापमान एकच आहे. कोपऱ्यातला माठ तेवढा या पंगतीत नाही. त्याचं पाणी झिरपून उडतंय, म्हणून तो एकटा थंड.

ग्लासगोत जोसेफ ब्लॅक 1760च्या दशकात विद्यार्थ्यांना हेच पटवून देत होते: हाताचं ऐकू नका, थर्मामीटर बघा, आणि तापमान वेगळं, उष्णतेचं प्रमाण वेगळं. आज हे शाळेत दोन ओळींत उरकतात. मला तरी ही न्यूटनच्या नियमांइतकीच अवघड उडी वाटते, कारण ती आपल्या कातडीच्या विरुद्ध मारावी लागते. आणि गंमत बघा, तुम्ही मेडशीत उभे आहात त्याच 1935 साली मेघनाद साहा आणि बी. एन. श्रीवास्तव या अलाहाबादच्या प्राध्यापकांच्या उष्णतेवरच्या इंग्रजी ग्रंथाची आवृत्ती निघाली. एखादी वस्तू दुसऱ्या दोन वस्तूंशी वेगवेगळी औष्णिक समतोलात असेल, तर त्या दोघीही एकमेकींशी समतोलात असणार, हे तत्त्व त्यांनी तिथे सांगितलं. आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी नोंदवलंय की या ग्रंथाची चर्चा करताना राल्फ फाउलर यांनी त्या तत्त्वाला ऊष्मागतिकीचा शून्यावा नियम म्हटलं. पहिला, दुसरा, तिसरा आधीच वाटून झाले होते. या नियमाशिवाय थर्मामीटरला काही अर्थच राहत नाही: ऐरणीला लावलेला पारा आणि चाकाला लावलेला पारा एकच आकडा दाखवतो, तेव्हाच आपण ती दोन्ही एका तापमानाची आहेत असं न टेकवता म्हणू शकतो.

आता शेवटची उडी, थेट आजच्या मेडशीत. बंड्यांना रबरी टायर आलेत, धाव चढवणारे हात फार थोडे उरलेत. अकोला ते मेडशी आणि मेडशी ते वाशीम अशा टप्प्यांत राष्ट्रीय महामार्ग 161 चौपदरी झाला. त्याच्या डांबरातही तुम्हाला ओळखीचं काही दिसेल: खडी-डांबराचं मिश्रण दीडशे अंशांच्या आसपास गरम असतानाच पसरावं लागतं, टिप्परवर ताडपत्री झाकून आणलेलं. खालच्या थंड थराला टेकलं की ते तळातून निवू लागतं, आणि फार निवायच्या आत रोलर फिरला पाहिजे. रोलरच्या चाकावर पाण्याची बारीक धार असते, डांबर चिकटू नये म्हणून. पाणी ओतण्याचं कसब इथे यंत्राच्या नळीत गेलंय, इतकंच.

एक गोष्ट मात्र लोहाराकडून घेऊन या, कारण ती रोजच्या कामाची आहे. त्यानं पोराचा हात पाण्यातून काढू दिला नाही. तुकडा हातातून सुटला तरी कातडीत शिरलेली उष्णता आत चालतच असते आणि आणखी खोल पेशी जाळते. तवा, सायलेन्सर, इस्त्री, वाफ, कशानंही भाजलं तर भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरा आणि पूर्ण 20 मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद-तेल नको. अंगठी-बांगडी सूज यायच्या आत काढा. भाजलेलं तळहातापेक्षा मोठं असेल, चेहऱ्यावर असेल किंवा लहान मूल असेल, तर पाणी झाल्यावर दवाखाना गाठा.